मार्कडाउन मराठीत लिहिताना

डॉक्युमेंटेशनच्या कामाला नवीन आलेल्यांना मी आधी साधा टेक्स्ट एडिटर उघडायला लावते. मार्कडाउन म्हणजे साध्या टेक्स्टमध्येच खुणा टाकून शीर्षक, ठळक अक्षरं वगैरे ठरवायची पद्धत. तिच्या खुणा थोड्याच: ओळीच्या सुरुवातीला हॅश (#) आणि एक स्पेस दिली की शीर्षक, दोन हॅश दिले की उपशीर्षक, शब्दाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन स्टार (*) दिले की ठळक. पाठांतराची गरज नाही. जॉन ग्रुबरने २००४ साली हे आणलं तेव्हापासूनच आग्रह असा, की फाइल आहे तशी उघडली तरी सुखाने वाचता यावी.

मराठी लिहायला घेतलं की मात्र गंमत सुरू होते, कारण आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. नुसत्या ‘फाइल’ला स्टार देऊन प्रत्यय बाहेर ठेवला, म्हणजे **फाइल**मध्ये असं लिहिलं, तर काम होतं. तिरप्या अक्षरांसाठी _फाइल_मध्ये लिहून बघा, अंडरस्कोर जसेच्या तसे दिसतील. प्रोग्रॅममधल्या नावांत अंडरस्कोर सर्रास असतात, त्यामुळे शब्दाच्या पोटातला अंडरस्कोर खूण मानला जात नाही. मी तो वापरतच नाही, तिथेही एकेक स्टारच देते. त्याहून छळणारा प्रकार म्हणजे **‘फाइल’**मध्ये. अवतरणचिन्ह स्टारच्या आत आणि प्रत्यय लगेच बाहेर आला, तर कॉमनमार्क या मार्कडाउनच्या प्रमाण नियमावलीत शेवटचे स्टार ‘बंद’ धरलेच जात नाहीत. चिन्ह स्टारच्या बाहेर काढून ‘**फाइल**’मध्ये केलं की सुटतं.

क्रमांकाच्या यादीतही हेच. ‘१.’ लिहिलं तर यादी होत नाही, सगळे मुद्दे एकाच परिच्छेदात गोळा होतात. आकडा इंग्रजीच लागतो. वेब पानावर देवनागरी हवा असेल तर सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, यादीची शैली बदलायची.

एकदाच एंटर मारल्याने नवी ओळ येत नाही, हे नव्यांना फार खुपतं. परिच्छेदासाठी मधली ओळ रिकामी सोडा. पत्ता किंवा कविता असेल तर ओळीच्या शेवटी दोन स्पेस द्यायची पद्धत आहे, पण त्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि काही एडिटर सेव्ह करताना पुसूनही टाकतात. मी उलटी तिरकी रेघ \ देते.

साहेबांना वर्डची फाइल हवी असेल तर पॅनडॉक हे फाइलचा प्रकार बदलणारं सॉफ्टवेअर ती काढून देतं. पीडीएफ काढताना इंजिन, म्हणजे पीडीएफ तयार करणारा प्रोग्रॅम, झीलाटेक (XeLaTeX) निवडा आणि देवनागरी फॉन्टचं नाव स्वतः द्या. नेहमीच्या पीडीएफलाटेक (pdfLaTeX) इंजिनवर देवनागरी अक्षर आलं की ते तिथेच अडतं.