ओठ-टाळू दुभंगलेलं बाळ आणि लवकर मिटलेली कवटीची शिवण : घरच्यांनी काय करायचं

बाळाचा ओठ दुभंगलेला दिसला की बाळंतिणीच्या खाटेभोवती पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ग्रहणात काय चिरलंस?" कोल्हापुरात प्रसूती आणि सर्जरी वॉर्डात मी नोकरीभर हे ऐकलं. चंदगडच्या शेतकरीणबाईला हेच विचारलं जायचं आणि ताराबाई पार्कातल्या बंगल्यातल्या सुनेलाही. म्हणून आधी हा विषय मिटवते आणि मग दुधाकडे वळते, कारण खरं काम दुधाचं आहे. ऑपरेशन सर्जन करतील. पण ऑपरेशनची तारीख ठरते बाळाच्या वजनावर, आणि वजन वाढवणं घरच्यांच्या हातात असतं.

गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात चेहऱ्याचे भाग दोन्ही बाजूंनी पुढे येऊन वरचा ओठ सांधला जातो. टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात जुळते. यात कुठे सांधा राहिला की फट पडते. त्या दिवसांत कितीतरी बायकांना आपल्याला दिवस गेलेत हेसुद्धा कळलेलं नसतं. मग सातव्या महिन्यातल्या ग्रहणाचा आणि विळीचा संबंध आला कुठून? शिवाय ग्रहण लागतं ते अख्ख्या जिल्ह्याला, आणि दुभंग दिसतो साधारण ७०० बाळांत एकाला. गंमत अशी, की तिकडे मेक्सिकोतही ग्रहणालाच दोष देतात. तिथल्या गरोदर बायका त्यासाठी पोटाजवळ सेफ्टी पिन लावतात. आपल्याकडे लोखंड टाळायचं आणि त्यांच्याकडे अंगावर बाळगायचं!

खरी कारणं एकापेक्षा जास्त असतात आणि ती एकत्र येतात. काही जनुकांतून येतात. आयआरएफ-६ नावाच्या जनुकातला बदल २००२ मध्ये सापडला. तो व्हॅन डर वूड सिंड्रोम असलेल्या घराण्यांत दिसतो, आणि त्या माणसांच्या खालच्या ओठावर दोन बारीक खळगे असतात. तुमच्या घरात आजोबा, आत्या, कुणाच्या ओठावर असे खळगे असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण तिथे पुढच्या बाळाचा धोका बराच जास्त असतो. एरवी आईबाप धडधाकट आणि एका मुलाला दुभंग असेल, तर पुढच्याला होण्याची शक्यता साधारण ३ ते ५ टक्के.

बाकी कारणांत आईचं धूम्रपान, आधीपासून असलेला आणि ताब्यात नसलेला मधुमेह, आणि व्हॅल्प्रोएट, टोपिरामेट यांसारखी फिटची औषधं येतात. फिटच्या गोळ्या मात्र मनानं बंद करायच्या नाहीत. मूल हवं असं ठरल्यावर डॉक्टरांकडून त्या बदलून घ्यायच्या. "आम्ही कुठं बिडी ओढतो" म्हणणाऱ्या बायकांनी मिश्रीचा डबा आठवावा. तीही तंबाखूच, गरोदरपणात ती नकोच. मामाच्या मुलीशी लग्नं आपल्याकडे सर्रास होतात. जवळच्या नात्यातल्या लग्नांत दुभंगाचं प्रमाण जास्त असल्याचं अभ्यासांत आलंय, हेही सांगून ठेवते. फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, तेही दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यावं. मणक्याच्या दोषांवर त्याचा उपयोग पक्का सिद्ध झालाय. दुभंगाबाबत अभ्यासांचं तितकं एकमत नाही, पण गोळी स्वस्त आहे आणि घ्यायलाच हवी.

दूध

टॉर्च लावून तोंडात बघा, किंवा सिस्टरांना बघायला सांगा. फक्त ओठ दुभंगलेला आणि टाळू अखंड असेल तर बाळ बहुतेकदा अंगावर पितं. टाळू फाटलेली असेल तर तोंडातली हवा कोंडत नाही, म्हणून ओढ लागत नाही. असं बाळ तासभर छातीला लागतं, चुटूचुटू तोंड हलवतं आणि पोटात जातं चमचाभर. आई म्हणते, "पितंय की वं सिस्टर." आणि आठवड्यानं काटा खाली गेलेला दिसतो.

अशा वेळी हातानं दूध काढायचं, दिवसरात्र मिळून किमान आठ वेळा. पहिल्या दिवसांतला चीक थेंबभरही फुकट घालवायचा नाही. काढलेलं दूध झाकून खोलीत चार तास ठेवता येतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याआधीच पाजा.

आता पाजायची रीत. बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं धरा, मान तुमच्या कोपरात, डोकं पोटापेक्षा बरंच वर. आडवं घेऊन कधीही पाजायचं नाही. बोंडलं उकळून घेतलेलं हवं. माळ्यावरनं काढलं, पदरानं पुसलं, असं चालणार नाही. बोंडलं नसेल तर कड गुळगुळीत असलेली लहान वाटी घ्या. बोंडल्याचं टोक खालच्या ओठावर, फट नसलेल्या बाजूला, गालाकडे टेकवा. दूध ओठाला लागेल इतकंच तिरकं करा आणि थांबा. बाळ जीभ पुढं आणून घेईल. गिळल्याचा बारीक आवाज आला की पुन्हा तिरकं करा. ओतायचं नाही, ओतलं की ठसका लागतो आणि दूध छातीत जाऊ शकतं. दाबता येते अशी मऊ बाटली मिळाली तर आणखी सोपं. बाळाचा जबडा खाली गेला की हलकं दाबायचं, वर आला की सोडायचं. हाताला ती लय लवकर बसते, आजीच्या हाताला तर आईपेक्षाही लवकर.

नाकातून दूध येणारच. घाबरू नका. बाळाला थोडं पुढं झुकवा, शिंकू द्या, पुसा, परत सुरू करा. ही बाळं हवाही खूप गिळतात, म्हणून मधेमधे ढेकर काढा. सगळं पाजणं अर्ध्या तासात उरकायचं; त्याहून लांबलं तर बाळ पिण्यातच दमतं आणि आलेली ताकद तिथंच खर्ची पडते. पाजताना बाळ निळं पडलं किंवा छाती घरघरायला लागली, तर पाजणं थांबवून थेट दवाखाना गाठा. हनुवटी फार आत गेलेली असेल आणि उताणं झोपवल्यावर श्वास अडखळत असेल, तर डिस्चार्जची घाई करू नका. जीभ मागं पडून श्वासनलिका अडते, ते आधी तज्ज्ञांनी बघायला हवं.

मालिशवाल्या मावशींना एकच गोष्ट ठणकावून सांगा : नाकात-कानात तेलाचा थेंब नाही. फाटलेल्या टाळूच्या बाळाचं तेल फुप्फुसात जायला वेळ लागत नाही. गुटी आणि मधही नको.

वजन आठवड्यातून एकदा, अंगणवाडीतल्या त्याच काट्यावर करायचं. वाळे, कमरेची साखळी, टोपडं, सगळं उतरवून. जन्मानंतर वजन दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं, पण दोन आठवड्यांत ते भरून निघायला हवं आणि पुढं रोज २० ते ३० ग्रॅम वाढ दिसायला हवी. दिवसाला सहा-सात दुपटी ओली होत असतील तर पोट भरतंय. दोन आठवडे काटा हलला नाही तर "दात आले की खाईल" म्हणत बसू नका, डॉक्टरांना गाठा.

आणि बारसं पुढं ढकलू नका. टाके पडल्यावर करू म्हणतात आणि तोवर लेकराला लोकांपासून लपवत राहतात.

टाके

ओठासाठी सर्जन जुना दहाचा नियम सांगतात : वय १० आठवडे, वजन १० पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो, हिमोग्लोबिन १०. बहुतेक ठिकाणी तीन ते सहा महिन्यांत ओठ शिवतात. पूर्वी फटीच्या कडा नुसत्या ओढून सरळ शिवायचे. व्रण आक्रसला की ओठ वर खेचला जायचा. अमेरिकन सर्जन राल्फ मिलार्ड यांनी १९५५ मध्ये ओठाचा एक भाग फिरवून खाली आणायचा आणि दुसरा पुढं सरकवायचा, ही पद्धत मांडली. व्रण नाकाखालच्या नैसर्गिक रेषेत लपतो. आजच्या बऱ्याच पद्धती तिच्यातूनच निघाल्या आहेत.

टाळू साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान शिवतात. सर्जनची इथं खरी कसोटी असते. फार लवकर शिवली तर वरच्या जबड्याची वाढ खुंटू शकते, उशीर केला तर बोलणं नाकातून येण्याची सवय लागते. त्यामुळे "थोडा मोठा होऊ दे, मग बघू" हा घरातल्या थोरल्यांचा सल्ला टाळूच्या बाबतीत महागात पडतो. काही ठिकाणी जन्मानंतर लगेच तोंडात प्लेट बसवून नाक-हिरडी जवळ आणतात. चांगली गोष्ट आहे, पण त्यासाठी जवळजवळ दर आठवड्याला जावं लागतं. गगनबावड्याहून तान्हं घेऊन एसटीनं हे जमणार नसेल तर मोकळेपणी सांगा. ओठावर चिकटपट्टी लावण्याचा साधा मार्गही असतो, ती लावायची कशी ते तिथंच शिकून घ्या.

पैशाची काळजी करत घरी बसू नका. केंद्राचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला आणि दुभंग ओठ-टाळू त्याच्या यादीत आहे. आशाताईला सांगितलं की पथकाकडे नोंद होते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचीही चौकशी करा. १९९९ पासून काम करणारी स्माइल ट्रेन ही संस्था भागीदार दवाखान्यांतून ही ऑपरेशनं फुकट करून देते. रेशनकार्ड, आधार, जन्मदाखला, लसीचं कार्ड आणि वजनाची वही एकाच पिशवीत ठेवा. हृदयाची तपासणी विचारून करून घ्या, कारण काही बाळांत दुभंगाबरोबर इतरही दोष असतात आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी कळायला हवेत.

ऑपरेशनच्या सकाळचा उपास : आईचं दूध साधारण चार तास आधी बंद, वरचं दूध सहा तास आधी. नेमकी वेळ वॉर्डातून लिहून घ्या आणि सोबतच्या सगळ्यांना वाचून दाखवा. पहाटे रडणारं लेकरू बघून आजी लपूनछपून दोन चमचे पाजते, आणि ते कळलं की ऑपरेशन पुढं ढकललं जातं. भुलेत पोटातलं दूध छातीत गेलं तर जिवाशी येतं.

टाळू शिवल्यावर काही आठवडे पेज, वरणाचं पाणी, मऊ भात, सगळं कोमट. बिस्किट, चिरमुरे, तिखट नाही. पांढऱ्या रश्श्याचाही मोह आवरा. चमचा तोंडात आत घालायचा नाही, बाटलीही डॉक्टरांनी सांगेपर्यंत नाही. बोटं तोंडात जाऊ नयेत म्हणून कोपराला मऊ पट्टी बांधून देतात. झोपल्यावरसुद्धा ती सोडू नका.

पुढचं पटकन सांगते. टाळू फाटलेल्या जवळपास सगळ्या मुलांच्या कानाच्या पडद्याआड पाणी साचतं, म्हणून कानाची तपासणी चुकवू नका. आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान, सुळा यायच्या आधी कमरेच्या हाडातून थोडं हाड घेऊन हिरडीतली फट भरतात. बोलणं घरी असं तपासता येतं : मुलाच्या नाकाखाली छोटा आरसा धरा आणि "पापा, बाबा, काका" म्हणायला लावा. आरशावर वाफ धरली तर हवा नाकातून निसटतेय. "मामा" म्हणताना वाफ येणं ठीक, ते अक्षरच नाकातलं. ज्यांचा ओठ-टाळू वरून धड दिसतो पण पडजीभ दुभंगलेली असते, त्यांनाही ही परीक्षा लावा. आतला लपलेला दुभंग कधीकधी शाळेत गेल्यावरच लक्षात येतो.

डोकं

ओठाच्या बाबतीत वजन वाढेपर्यंत थांबायला हरकत नसते. कवटीच्या बाबतीत मात्र थांबणंच घात करतं, म्हणून हे वेगळं लिहिते.

बाळाची कवटी गोधडीसारखी तुकड्या-तुकड्यांची असते, मधे शिवणी असतात. मेंदू पहिल्या वर्षात जवळजवळ दुप्पट होतो, त्याला जागा द्यायला त्या शिवणी सैल राहाव्या लागतात. दोन-अडीच हजारांत एका बाळात एखादी शिवण आधीच पक्की होते. मग डोकं तिथं रुंदायचं थांबतं आणि भलतीकडे वाढतं. मधली शिवण मिटली तर पुढून-मागं लांबुडकं होतं, कपाळाची मिटली तर समोरून त्रिकोणी. सगळ्यात जास्त आढळतो तो लांबुडका प्रकार.

डोक्याची टाळू (तोंडातली नव्हे, माथ्यावरची मऊ जागा) तेलानं भरताना बोटांच्या टोकांनी शिवणीवरनं हात फिरवा. कडक वरंबा लागला, टाळूचा मऊपणा फार लवकर गेला, किंवा डोक्याच्या घेराची रेघ तक्त्यावर वर न चढता आडवीच चाललीय, तर मालिश थांबवून बालरोगतज्ज्ञ. मोहरीच्या उशीनं मिटलेली शिवण उघडत नाही. एकाच कुशीवर झोपून मागं चपटं झालेलं डोकं ही वेगळी गोष्ट आणि ती फार आढळते. वरून बघितलं तर चपट्या बाजूचा कान पुढं सरकलेला दिसतो. ते कूस बदलून आणि जागं असताना पालथं घालून बऱ्यापैकी सुधारतं.

काही मुलांत बोटंही जुळलेली असतात किंवा डोळे फार पुढं आलेले असतात. एपर्ट, क्रूझॉन अशी नावं त्यांना आहेत, मूळ बहुधा एफजीएफआर-२ जनुकात. अशा चेहऱ्यांची हाडं सोडवून पुढं आणण्याची शस्त्रक्रिया फ्रान्सचे पॉल टेसिए यांनी १९६७ मध्ये जगापुढं मांडली. त्याआधी या मुलांना करण्यासारखं फार थोडं होतं. आज लहान छेदातून दुर्बिणीनं शिवण मोकळी करता येते, पण ती साधारण पहिल्या तीन-चार महिन्यांत. नंतर काही महिने हेल्मेट घालावं लागतं. वेळ गेली तर सहा ते बारा महिन्यांत मोठं ऑपरेशन, रक्त चढवण्याच्या तयारीनिशी. मेंदूचे आणि प्लास्टिकचे सर्जन एकत्र बसतात अशाच ठिकाणी जा, पुण्या-मुंबईला जावं लागलं तरी.

जाताना मोबाइलमध्ये फोटो न्या. टोपडं काढून, केस ओले करून, एक समोरून, एक बाजूनं आणि एक बरोबर वरून. महिन्याला एकदा, त्याच उजेडात. सीटी स्कॅनच्या आधी डॉक्टर तेच मागतात.