हात पोहोचत नाही तिथला बोल्ट कसा काढायचा

स्टार्टर मोटरचा मागचा बोल्ट, अल्टरनेटरचा खालचा बोल्ट, इन्टेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) पोटाखालचे नट. आडव्या इंजिनच्या छोट्या गाड्यांत घरच्या कामाचं घोडं बहुतेक इथेच अडतं. पान्याचं माप बरोबर असतं, पण तो बोल्टच्या डोक्यावर सरळ बसत नाही. मग लोक तिरका लावूनच जोर देतात आणि हेड गोल होतं. असं हेड काढायला गॅरेजमध्ये जे पैसे आणि वेळ जातो, त्यात मूळ काम दोनदा झालं असतं. म्हणून आधी वाट मोकळी करायची, जोर नंतर.

नागपुरात उन्हाळ्यात हे काम पहाटेच घ्या. गाडी आदल्या संध्याकाळपासून सावलीत उभी असू द्या. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा पंचेचाळिशीला टेकला की उन्हातल्या गाडीचं बॉनेटसुद्धा हात लावू देत नाही, फरशीवर ठेवलेले पाने चटके देतात, आणि घामाने ओला झालेला हात नेमका जोर लावताना घसरतो. तळव्याला रबराचा थर असलेले विणलेले हातमोजे घाला, ते स्वस्त असतात आणि बोटांना बोल्ट जाणवतो.

पहिलं काम बॅटरीची निगेटिव्ह वायर काढणं, बहुतेक गाड्यांत १० चा पाना लागतो. स्टार्टरवरची जाड वायर थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून येते. ती जिवंत असताना पाना तिला आणि इंजिनला एकदम टेकला तर ठिणग्या उडून पाना लाल होतो. खालून काम असेल तर गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. स्टँड काँक्रीटवरच लावा. आपल्याकडच्या काळ्या मातीत, त्यातही पावसाळ्यात, तो वजन पडताच खचतो. मागच्या चाकांना ठोकळे लावा.

मग बोल्ट नीट बघा. मोबाइलचा टॉर्च लावून व्हिडिओ सुरू करा, फोन फटीत सरकवा आणि बाहेर काढून सावकाश पाहा. बोल्ट कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्या समोर सरळ रेषेत काय आडवं येतंय, हे त्यात कळतं. डोक्यावर चिखल आणि तेलाचा थर असतो. तो वायर ब्रशने किंवा जुन्या टूथब्रशने काढल्याशिवाय गोटी (सॉकेट, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखा बसणारा पाना) पूर्ण आत बसत नाही, आणि अर्धवट बसलेली गोटीच हेड खाते.

समोर जे आडवं येतंय ते काढून टाका. एअर फिल्टरचा डबा आणि त्याचा पाइप, बॅटरी आणि तिचा ट्रे, एवढं निघालं की स्टार्टरची वरची बाजू बहुधा मोकळी होते. बेल्टच्या बाजूचं काम असेल तर पुढचं चाक काढा आणि चाकाच्या खोबणीतलं प्लास्टिक कव्हर सोडवा. वरून दोन तास धडपडूनही न दिसणारा बोल्ट तिथून समोर येतो. हे करायचा कंटाळा येतो, पण यातच अर्धी लढाई आहे.

आता अवजारं. गोटी सहा कोनांचीच घ्या. बारा कोनांची फक्त टोकांवर पकडते आणि घट्ट बोल्टवर घसरते. जपानी वळणाच्या गाड्यांत १०, १२, १४, १७ मिमी ही मापं जास्त, युरोपीय गाड्यांत १३ आणि १६ सुद्धा. १२ च्या हेडवर १३ ची गोटी अंधारात 'बसल्यासारखी' वाटते, तिथे फसू नका. ३/८ इंच चौकोनी ड्राइव्हचा रॅचेट (गोटी एका दिशेने फिरवणारी दात्यांची मूठ), ७५, १५० आणि २५० मिमीचे एक्स्टेन्शन (लांबी वाढवणारे दांडे) आणि एक युनिव्हर्सल जॉइंट (वाकणारा सांधा) एवढ्यात बरंच भागतं. इतवारीच्या बाजारात रॅचेट घेताना हातात धरून उलटसुलट फिरवून बघा. ७२ दात्यांचा रॅचेट ५ अंशांवर पुढचा दात पकडतो, ३६ दात्यांना १० अंश लागतात. फटीत पाना जेमतेम हलतो तेव्हा हाच फरक काम करतो.

जुळणी अशी: गोटी, तिच्यामागे लगेच जॉइंट, मग एक्स्टेन्शन, तेही इतकं लांब की टोकाचा रॅचेट मोकळ्या जागेत येईल. गिअरबॉक्सवरून मागच्या बोल्टपर्यंत जायला कधी कधी अर्धा मीटर लांबी जोडावी लागते, त्यात काही गैर नाही. जॉइंट लुळा पडून गोटी खाली लोंबते, म्हणून त्यावर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे द्या. मग तो वळतो पण पडत नाही. साधारण ३० अंशांपेक्षा जास्त वाकवला की जॉइंट अडखळतो आणि गोटी उपटून निघते. तसं होत असेल तर वाटच चुकली आहे, दुसऱ्या बाजूने शिरा. रॅचेट मावतच नसेल तर फिक्स पाना (उघड्या तोंडाचा साधा पाना) वापरा. त्याचं तोंड १५ अंश तिरकं असतं. थोडं फिरवायचं, काढून पालथा करायचा, पुन्हा लावायचा. ३० अंशांच्या जागेतही बोल्ट सुटत जातो.

बोल्ट उलट्या बाजूने किंवा आरशात दिसत असेल तर दिशा हमखास चुकते. उजव्या हाताचा अंगठा बोल्ट ज्या बाजूला बाहेर येणार त्या बाजूला धरा. बोटं वळतात ती सोडायची दिशा. साध्या आट्यांच्या प्रत्येक बोल्टला हे लागू आहे.

आपल्या कोरड्या हवेत कोकणासारखा गंज चढत नाही. इथे बोल्ट जाम होतात ते धुळीने, उष्णतेने आणि आधी कुणीतरी गरजेपेक्षा जास्त आवळल्यामुळे. पेनिट्रेटिंग ऑइल (आट्यांत झिरपून जाम सोडवणारं पातळ तेल) मारून किमान २० मिनिटं, एक्झॉस्टच्या नटांना रात्रभर द्या. मग हेडवर हलके ठोके मारून आधी किंचित आवळा, नंतर सोडा. अॅल्युमिनियममध्ये बसलेला बोल्ट किरकिरत निघत असेल तर ओढत राहू नका. अर्धा फेरा बाहेर, पाव फेरा आत, मध्ये थोडं तेल. नाहीतर बोल्टबरोबर केसिंगचे आटेही येतात.

काढलेले बोल्ट पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यांच्या जागेप्रमाणे खोचा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर केसिंग फुटतं. उघड्या इन्टेकमध्ये स्वच्छ कापड कोंबा आणि बंद करताना ते मोजून काढा.

बसवताना गोटीत ग्रीसचं बोट फिरवा किंवा कागदाचा तुकडा घाला, म्हणजे बोल्ट वाटेत पडत नाही. पहिले तीन-चार आटे रॅचेट न लावता, नुसतं एक्स्टेन्शन बोटांनी फिरवून घ्या. बोटांना अडलं तर आटे तिरके लागलेत, काढून पुन्हा लावा. छोट्या बोल्टला त्याच्या डोक्यावर घट्ट बसणारी १० सेंटीमीटरची रबरी नळी चांगली. आटे चुकले की नळीच घसरते आणि नुकसान होत नाही.

आवळण्याचा आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. अंदाज म्हणून, ८.८ ग्रेडच्या (हा ताकदीचा आकडा डोक्यावर कोरलेला असतो) एम ६, म्हणजे ६ मिमी जाडीच्या, बोल्टला सुमारे १०, एम ८ ला २५ आणि एम १० ला ४५ ते ५० न्यूटन मीटर लागतात. सरळ एक्स्टेन्शनने टॉर्क पान्याचा (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याचा) आकडा बदलत नाही, वाकलेल्या युनिव्हर्सल जॉइंटने बदलतो. त्यामुळे अशा जागी शेवटचा फेरा जमेल तितका सरळ घ्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर सगळ्यात शेवटी जोडा आणि त्याआधी बॉनेटखाली राहिलेले पाने मोजा.