काळ्यावर काळी नक्षी: सान इल्देफोन्सो पद्धतीचं भांडं कसं घडवावं

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या सान इल्देफोन्सो पुएब्लोत, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या गावात, मारिया आणि जुलियन मार्टिनेझ या दांपत्याने 1920 च्या सुमारास ही भांडी रूढ केली. मारिया घडवायची आणि घोटायची, जुलियन चितारायचा. चकचकीत काळ्या अंगावर मंद काळी नक्षी. रंग एकच, फरक फक्त घोटण्याचा. चाक लागत नाही.

चिकणमाती वाळवा, भिजवा, गाळा. दोन भाग मातीला एक भाग ज्वालामुखीची बारीक राख, इथून सुरुवात करा. राख नसेल तर अकोमा पुएब्लोसारखी जुन्या खापरांची वस्त्रगाळ पूड चालेल. राखेची किंवा पुडीची ही भर कमी पडली तर भांडं वाळतानाच तडकतं, जास्त झाली तर मातीची लांब वळी वाकवताना तुटते.

उथळ बशीत, म्हणजे पुकीत, भाकरीसारखा थापलेला तळ बसवा. त्यावर अंगठ्याएवढ्या वळ्या रचून सांधे आतून-बाहेरून मिटवा. भोपळ्याच्या कवचाने खरवडून भिंत पातळ करा. सावलीत पूर्ण वाळू द्या, मग सॅंडपेपर फिरवा.

आता लाल मातीच्या पातळ लेपाचे चार-पाच हात द्या आणि तो ओलसर असतानाच नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटायला बसा. मध्येच चहाला उठायचं नाही. लेप वाळला की गोटा ओरखडे काढतो. मग सगळा पुसून पहिल्यापासून सुरुवात.

नक्षीही मातीच्या लेपानेच, युक्का या वाळवंटी झाडाचं पान चावून केलेल्या कुंचल्याने. हा भाग घोटायचा नाही, म्हणून तो मंद राहतो. नक्षीत नेहमी दिसणारा अवान्यू हा शिंगवाला पाण्याचा नाग; त्याचं नागमोडी अंग म्हणजे वाहतं पाणी, जीभ म्हणजे वीज. ही चिन्हं त्या लोकांच्या श्रद्धेची आहेत. सरावापुरती काढा, 'पुएब्लो भांडी' म्हणून विकू नका. अमेरिकेत 1990 च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

भाजायला वारा नसलेला कोरडा दिवस निवडा. भांडं आधी गरम करून घ्या; आत ओल राहिली तर ते फुटतंच. लोखंडी जाळीवर पालथं ठेवा, भोवती पत्रे, बाहेरून गोवऱ्या. गोवरी भांड्याला टेकली की डाग पडतो. आच साधारण 700 अंश सेल्सिअसला पोचली की घोड्याच्या लिदीच्या भुग्याने आग पूर्ण दडपा. हवा तुटल्याने मातीतलं लोह काळं पडतं, धुराचा कार्बन मुरतो. कुठून धूर निसटताना दिसला तर तिथे लगेच ओंजळभर भुगा टाका, नाहीतर त्या बाजूला तांबूस डाग येईल. आच फार चढली तर झिलई मरते.

पाणी मात्र भरू नका. कमी आचेवर भाजलेलं भांडं झिरपतं आणि झिलईही जाते.