भावाचं कार्ड जागा बघून बदलावं

लातूरच्या आडत दुकानाचं वेबपान करायचं, तर सोयाबीन-तूर-हरभऱ्याच्या भावाचं एकच कार्ड दोन ठिकाणी लागतं: मधे ऐसपैस, बाजूच्या पट्टीत अंग चोरून. मीडिया क्वेरी, म्हणजे सीएसएस या मांडणीच्या भाषेतली रुंदीची अट, इथं उपयोगाची नाही. ती स्क्रीन मोजते, कार्डाला मिळालेली जागा नाही.

कार्डाभोवती एक डिव्ह, म्हणजे एचटीएमएलचा साधा डबा, घ्या, त्याला 'कंटेनर-टाइप: इनलाइन-साइज' द्या, म्हणजे त्याची रुंदी मोजता येते. मग 'ॲट-कंटेनर'मध्ये अट घाला: रुंदी किमान 400 पिक्सेल असेल तर ग्रिडचे दोन रकाने, डावीकडं मालाचं नाव, उजवीकडं भाव. हा नियम आतल्या कार्डाला लागतो, त्या डिव्हला स्वतःला नाही. म्हणून तर वेगळा डिव्ह. तो आडव्या फ्लेक्समध्ये, म्हणजे डबे शेजारी-शेजारी मांडणाऱ्या ओळीत, असेल तर 'फ्लेक्स: 1' द्याच, नाहीतर त्याची रुंदी शून्यावर येते अन् सगळा मजकूर बाहेर सांडतो.

क्रोम 105, सफारी 16, फायरफॉक्स 110 पासून हे चालतं. मोंढ्यात जुने मोबाईल पुष्कळ, त्यामुळं मूळ मांडणी एकाखाली एकच ठेवा. दोन रकाने फक्त त्या अटीत.

लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, 1.6 च्या खाली नेऊ नका. इंग्रजी टेम्प्लेटवाले 1.2 ठेवतात, मग वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना जाऊन भिडतात. आडत्याला ग्रेडियंटच्या रंगछटांचं काही पडलेलं नसतं, भाव दिसला पाहिजे.