डाय सेटचा गाईड पिलर हातोड्याने ठोकू नका

डाय सेट म्हणजे साच्याच्या वरच्या-खालच्या प्लेटांची जोडी, आणि गाईड पिलर म्हणजे त्या एका रेषेत ठेवणारा, खालच्या (बॉटम) प्लेटमध्ये घट्ट बसणारा गोल खांब. घरच्या छोट्या प्रेसवर (दाबयंत्रावर) हा पिलर प्लेटच्या भोकात बसवताना तो सुरुवातीच्या दोन-तीन मिमीतच तिरका होतो आणि नंतर कितीही दाबला तरी सरळ होत नाही, उलट भोक खरवडून घेतो. म्हणून आदल्या रात्री पिलर प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरला टाका (घरात बोलणी बसतील, चालायचंच). २५ मिमीचा पिलर उणे १८ला १३-१४ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) आकसतो, आणि बॉटम प्लेट ओव्हनमध्ये शंभरेक डिग्री केली की भोक साधारण २० मायक्रॉन फुलतं, मग बऱ्याचदा पिलर हातानेच उतरतो, प्रेस फक्त शेवटच्या धक्क्याला. भोकाच्या तोंडाला चॅम्फर (तिरकी कापलेली कड) हवाच. पिलर बाहेर काढल्यावर त्याच्यावर दव धरतं, ते पटकन पुसून तेलाचं बोट फिरवा आणि लगेच घाला, मध्ये थांबलात तर अर्ध्यावर अडकलाच म्हणून समजा. फ्रीझर-ओव्हन न करता तसाच दाबायचा असेल तर पाच मिमी गेला की थांबून गुण्या लावायचा, एकाच बाजूने नाही, एकमेकींशी नव्वद अंशात असलेल्या दोन बाजूंनी. माझा पहिला सेट एकाच बाजूने बघितला होता, वरची प्लेट बुशात (पिलर ज्यातून सरकतो त्या तिच्यातल्या नळीत) अर्ध्यात जाम.