ॲस्बेस्टॉसचा आजार: दाव्याची मुदत कशी मोजायची

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा औद्योगिक भागात ॲस्बेस्टॉस (तंतुमय खनिज) असलेले सिमेंटचे पत्रे कापणं किंवा ब्रेक लायनिंग घासण्याचं काम केलेल्यांना आजार पुष्कळदा 20-30 वर्षांनी कळतो. म्हणून आधी तारीख पकडा. घाटी या सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरवर ‘ॲस्बेस्टॉसिस’ (ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) किंवा ‘मेसोथेलिओमा’ (फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) पहिल्यांदा कधी लिहिलं? त्या पानाच्या तारखेसकट दोन झेरॉक्स काढा. नुसता ‘जुना खोकला’ चालत नाही.

मग पगारपत्रक बघा. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर भरपाई तिथूनच मागायची. वाद झाला तर कर्मचारी विमा न्यायालयात मुदत 3 वर्षं. ईएसआय नसेल तर 1923 च्या भरपाई कायद्यात 2 वर्षं. ती आजारामुळे सलग गैरहजेरी सुरू झाली त्या दिवसापासून मोजतात, मृत्यू झाला तर मृत्यूच्या तारखेपासून. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्यांच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू आहे, तेव्हा आपलं प्रकरण जुन्या कायद्यात बसतं की नव्या, हे वकिलाकडून आधीच ठरवून घ्या.

खरी अडचण नोकरी सुटून वर्षं लोटलेल्यांची. मुदत टळली तरी सबळ कारण दाखवून उशीर माफ करून मागता येतो. निदानाचा कागद तिथेच कामी येतो. मालकाला लेखी नोटीस स्पीड पोस्टाने द्या, पोच जपा. तोंडी सांगितलेलं कुणी मान्य करत नाही.

मालक ‘जुनं रेकॉर्ड नाही’ म्हणाले तर सर्वोच्च न्यायालयाचा 1995 चा निकाल दाखवा: ॲस्बेस्टॉस कामगारांची आरोग्य नोंद रुजू झाल्यापासून 40 वर्षं किंवा काम सुटल्यावर 15 वर्षं, यात जे नंतर येईल तोवर ठेवावीच लागते.