नेव्हीतून रिटायर झालेल्या वडिलांचा जीवनपट लिहिताना

वर्षश्राद्धाला किंवा 4 डिसेंबरच्या नौदल दिनी वाचायला जीवनपट लिहिताना पहिलं वाक्य बहुधा ‘आयुष्यभर देशसेवा केली’ असं येतं. ते खरंच असतं, पण त्यात तुमचे वडील दिसत नाहीत. नाविकाला स्वतःची वर्षं जहाजांवरून आठवतात, म्हणून आधी जहाजांची यादी करा.

एका मोठ्या कागदावर पाच रकाने आखा: साल, जहाज किंवा तळ, हुद्दा, काम आणि घर. ट्रंकेतलं डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, समोर ठेवून पहिले चार भरा. साल सापडलं नाही तर जागा कोरी सोडा. अंदाज एकदा पेनानं लिहिला की पुढच्या पिढीला तोच खरा वाटतो. कागद गहाळ असतील तर सर्व्हिस नंबर शोधा. तो पीपीओवर असतो, पदकाच्या कडेवरही असतो; भिंग घेऊन पाहा. नंबर हाताशी असला की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करता येते. नाविकांच्या नोंदी ठेवणारा ब्युरो मुंबईत मानखुर्दला, चीता कॅम्पमध्ये आहे.

चुका सगळ्यात जास्त होतात त्या जहाजांच्या नावांत. आयएनएस लिहिलं म्हणजे ते जहाजच, असं नाही. आयएनएस शिवाजी लोणावळ्याला, हमला मालाडला, वालसुरा जामनगरला आणि चिल्का ओडिशात. हे सगळे जमिनीवरचे तळ. तेव्हा ‘शिवाजी जहाजावर होते’ असं लिहू नका, तिथे त्यांनी इंजिनाचं शिक्षण घेतलेलं असेल. दुसरं म्हणजे जुनं नाव नव्या जहाजाला दिलं जातं. 1961 ची विमानवाहू विक्रांत वेगळी, 2022 ची वेगळी. मैसूर नावाची आधी क्रूझर होती, 1999 पासून त्याच नावाची विनाशिका, दोन्ही वेगळ्या युद्धनौका. नावाशेजारी साल हवंच.

घरातली ऐकीव गोष्टही यादीशी ताडून पाहा. ‘बाबा विक्रांतवर होते, कराचीवर हल्ला केला’ हे जुळत नाही. 1971 च्या युद्धात विक्रांत बंगालच्या उपसागरात होती. 4 डिसेंबरच्या रात्री कराचीवर मारा केला तो निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी. पदकांत पूर्वी स्टार (पूर्वेच्या आघाडीचं) आहे की पश्चिमी स्टार (पश्चिमेच्या), तेही पाहा. पदकं ब्रासोनं घासू नका, कडेवरची अक्षरं झिजतात.

जुनी आंतरदेशीय पत्रं टाकून देऊ नका. पत्ता बऱ्याचदा ‘मार्फत फ्लीट मेल ऑफिस’ (नौदलाचं टपाल कार्यालय) एवढाच असल्यानं जहाज कुठे होतं ते त्यावरून कळत नाही, पण जहाजाचं नाव आणि तारीख मिळते. घडीवर फाटलेल्या पत्राला सेलोटेप लावू नका, तो पिवळा पडून कागद खातो. सपाट करून फोटो काढा. पांढरा गणवेश ठेवण्याआधी खळ पूर्ण धुऊन काढा, खळीला कसर लागते. प्लास्टिकऐवजी धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. कोकणातल्या दमट हवेत प्लास्टिकमध्ये बुरशी धरते.

आता माणसं. वडिलांच्या सोबत्यांना ‘ते कसे होते?’ विचारलं तर ‘फार चांगले’ एवढंच उत्तर येतं. ‘मिडल वॉचला, रात्री बारा ते चार, ते कुठे उभे असायचे? जेवायला कोणाशेजारी बसायचे?’ असं विचारा. मग बोलणं थांबत नाही. फोनवर रेकॉर्ड करा, पण आधी तसं सांगा.

पाचवा रकाना आईजवळ बसून भरा, घाई न करता. वडील विशाखापट्टणमला असताना कोणाचा जन्म झाला, पावसाआधी घर कोणी शाकारलं, मनीऑर्डर कोणत्या तारखेला यायची. वडिलांची अर्धी नोकरी आईनं घरी राहून निभावली, आणि जीवनपटात नेमकी तीच गाळली जाते.

वाचायला पाचशे शब्द पुरेत, साधारण पाच मिनिटं. आदल्या दिवशी आईला एकदा वाचून दाखवा. ती जिथे ‘नाही, तसं नव्हतं’ म्हणेल, तिथे थांबून दुरुस्त करा.